बेल्जियन बिअरचा ग्राफ: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

ग्राफ डेटाबेस, म्हणजे माहिती नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणारी नाती अशा रूपात ठेवणारा डेटाबेस, शिकायचं बरेच दिवस डोक्यात घोळतंय. नीओफोरजे या ग्राफ डेटाबेससोबत सिनेमे आणि नटनट्यांचा नमुना डेटा येतो आणि सगळे त्यावरच हात साफ करतात. पण त्यातले प्रश्नही ठरलेले आणि उत्तरंही ठरलेली. मला असा विषय हवा होता, ज्यात नाती गुंतागुंतीची असतील, डेटा फुकट मिळेल आणि काही बिघडलं तर कुणी विचारायला येणार नाही. बेल्जियमची बिअर घेतली.

देश महाराष्ट्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यात मठांतली बिअर आहे, हवेतल्या यीस्टवर आपोआप आंबणारी आहे, आणि जगातली सगळ्यांत मोठी बिअर कंपनी, एबी इनबेव्ह, तिथल्याच ल्यूवेन शहरात बसते. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एवढ्या छोट्या जागेत एवढी भानगड म्हणजे ग्राफला खाद्यच.

मी पिण्यातला दर्दी नाही. ल्यूवेनला मावसभाऊ असतो, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "दादा, प्यायची नाही आणि नुसती मोजत बसायची? तू काय एक्साइज खात्यात लागलायस?" त्याला बाटल्यांच्या लेबलांचे फोटो पाठवायच्या कामाला लावलंय.

आज फक्त मांडामांड. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) नीओफोरजेची कम्युनिटी एडिशन चालू केली, ब्राउझर ७४७४ पोर्टवर, बोल्ट हा जोडणीचा प्रोटोकॉल ७६८७ वर. नोडची लेबलं आणि नात्यांची नावं मराठीतच ठेवायची असं ठरवलं. बॅकटिकमध्ये (` या चिन्हात) लिहिलं की नीओफोरजेची देवनागरीबद्दल काही तक्रार नसते. सायफर या नीओफोरजेच्या क्वेरी भाषेत नोडच्या लेबलाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि नात्याचं नाव सगळंच कॅपिटल असा शिरस्ता आहे. देवनागरीत ती कटकटच नाही. कीबोर्ड सारखा बदलावा लागतो, तेवढाच त्रास.

११ जानेवारी, शनिवार

डच विकिपीडियावर बेल्जियन बिअरची लांबलचक यादी आहे. रकाने चार: नाव, प्रकार, अल्कोहोलचं प्रमाण, ब्रुअरी. सीएसव्ही करून घेतली. ब्रुअरीचं गाव आणि मालकी विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड डेटासंग्रहावरून वेगळी आणायची आहे.

फाइल आत घेणारी लोड सीएसव्ही ही आज्ञा प्रत्येक किंमत स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणूनच देते. त्यात डच लोक दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. डुव्हेल या बिअरपुढे '८,५%' असं लिहिलेलं. ते तसंच टू-फ्लोट या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला दिलं तर एरर येत नाही, गुपचूप नल (म्हणजे 'किंमतच नाही') मिळतं. आणि प्रॉपर्टी (नोडवर लिहिलेली माहिती) नल असेल तर नीओफोरजे ती साठवतच नाही. म्हणजे साडेआठ टक्क्यांची डुव्हेल ग्राफमध्ये अल्कोहोलच्या रकान्याशिवायच येऊन बसणार आणि कुणाला पत्ता लागणार नाही. स्वल्पविरामाच्या जागी टिंब, टक्क्याचं चिन्ह उडवायचं, मग फ्लोट. जिथे आकडा मुळातच नाही तिथे शून्य भरायचं नाही, कारण खरोखरच बिनअल्कोहोलच्या बिअरही यादीत आहेत.

गाळलेले आकडे नावावरून भरायचा मोह होतो, तोही टाळायचा. रोशफोर ६, ८ आणि १० या बिअरमधलं अल्कोहोल अनुक्रमे ७.५, ९.२ आणि ११.३ टक्के आहे. वेस्टव्लेटेरेन १२ मध्ये १०.२. नावातला आकडा आंबवण्याआधीच्या रसाची घनता मोजायच्या जुन्या बेल्जियन अंशांतून आलेला आहे. टक्क्यांशी त्याचा थेट संबंध नाही.

१२ जानेवारी, रविवार

'प्रकार' या रकान्यावर अख्खा रविवार गेला, आणि जायलाच हवा होता. एका ओळीत नुसता रंग, दुसरीत आंबवण्याची पद्धत, तिसरीत मठाचा उल्लेख, चौथीत शैली. कुठे यातलं दोन-तीन स्वल्पविराम देऊन एकत्र. टेबलमध्ये हे खपून जातं, कारण रकान्याला एक नाव दिलं की आत काय कोंबलंय ते कुणी बघत नाही. ग्राफमध्ये प्रत्येक गोष्टीला 'तू कोण आणि तुझं कुणाशी काय' हे विचारावंच लागतं.

तर नोड कुणाला करायचं आणि प्रॉपर्टी कुणाला? दिवसअखेर स्वतःपुरता नियम केला: जिथून पुढे कुठेतरी जायचंय तो नोड, जिथे पोचून थांबायचंय ती प्रॉपर्टी. अल्कोहोल ही प्रॉपर्टी. 'साडेआठ टक्के' असा नोड करून त्याला डुव्हेल आणि डेलिरियम ट्रेमेन्स जोडल्या तर दोघी जवळच्या दिसतील, पण त्या जवळिकीला अर्थ नाही. रंग हीसुद्धा प्रॉपर्टी. शैली नोड, आंबवण्याची पद्धत नोड, घटकही नोड.

घटकांचं उदाहरण हूगार्डन. गव्हाची पांढरी बिअर, त्यात धने आणि संत्र्याची साल. ही शैली तिकडे बंद पडली होती, ती पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये हूगार्डन गावात पुन्हा सुरू केली. आता (हूगार्डन)—[घटक]→(धने) असं नातं काढलं की धन्यांच्या नोडवर उभं राहून मागे बघता येतं, की आणखी कुणाकुणात धने आहेत. हा प्रश्न मूळ यादीला विचारताच येत नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

मर्ज हे सायफरमधलं सगळ्यांत उपयोगी क्लॉज आणि सगळ्यांत लबाडही. 'असेल तर घे, नसेल तर बनव' एवढंच त्याचं काम वाटतं. पण ते दिलेली आकृती अख्खी शोधतं. (ब्रुअरी)—[बनवते]→(बिअर) एवढं एका मर्जमध्ये लिहिलं, ब्रुअरी आधीपासून आहे पण बिअर नवीन आहे, तर आकृती पूर्ण जुळत नाही. मग ते ब्रुअरीसकट सगळं नवं बनवायला जातं. म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी मर्ज करायची आणि मगच नात्याचं मर्ज. शिवाय ब्रुअरीच्या किल्लीवर (जिच्यावरून ओळख पटते त्या प्रॉपर्टीवर) 'ही किंमत दोनदा येता कामा नये' असा युनिकनेस कन्स्ट्रेंट आधीच लावायचा. म्हणजे डुप्लिकेट तयार व्हायच्या ऐवजी क्वेरी बोंब मारते, आणि शोधायला इंडेक्सही आपोआप मिळतो.

ही किल्ली कोणती? गावांच्या बाबतीत नाव चालत नाही. डच यादीतलं लाउक फ्रेंच डेटात लिएज होतं, बेर्गेन ते मोन्स, डोर्निक ते तुर्ने. १९६२ च्या कायद्याने देशाची भाषिक सीमा आखून दिली, पण नावं दोन्ही बाजूंनी चालूच राहिली. बेळगाव-बेळगावी ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. विकिडेटात प्रत्येक गोष्टीला असतो तो क्यू-क्रमांक किल्ली केला, आणि डच, फ्रेंच, मराठी नावं तीन प्रॉपर्ट्यांत टाकली.

२६ जानेवारी, रविवार

आज ड्राय डे. योगायोगाने विषयही मठांचाच निघाला.

ट्रॅपिस्ट हा ख्रिस्ती भिक्षूंचा एक पंथ. यादीत मात्र 'ट्रॅपिस्ट' हा बिअरचा प्रकार म्हणून लिहिलेला आहे, आणि लोकही दुकानात 'एक ट्रॅपिस्ट द्या' असं शैलीसारखंच म्हणतात. ओरव्हाल ६.२ टक्क्यांची, कोरडी, किंचित रानटी चवीची. रोशफोर १० गडद, गोडसर, जड. दोन्ही ट्रॅपिस्ट. चवीत काडीचं साम्य नाही. ट्रॅपिस्ट म्हणजे बिअर कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली बनली एवढंच. १९९७ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटना षटकोनी शिक्का देते. मठाच्या आवारात बनलेली हवी, भिक्षूंची देखरेख हवी, नफा मठाच्या गरजा आणि दानधर्मासाठी. म्हणून 'शिक्का' असं वेगळं लेबल केलं. शेजारच्या नेदरलँड्समधली ला ट्राप याच शिक्क्याला येऊन जोडली गेली, हे बरं झालं. देशाची भिंत आपोआप पडली.

आखेलच्या मठातले शेवटचे भिक्षू निघून गेले आणि २०२१ मध्ये तिथल्या बिअरचा हा शिक्का गेला. बिअर बनायची थांबली नाही. हे नातं पुसायचं का? नाही. नात्यालाच 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन प्रॉपर्ट्या दिल्या. नात्यावर प्रॉपर्टी ठेवता येते, याचा खरा उपयोग मला इथे दिसला.

मावसभावाने लेफच्या बाटलीचा फोटो पाठवला. नावात मठ, चित्रात मठ, बनते एबी इनबेव्हच्या कारखान्यात ल्यूवेनला. दिनां गावच्या मठाला नावाबद्दल रॉयल्टी मिळते. म्हणजे 'बनवते' आणि 'नाव देते' ही दोन नाती वेगळी ठेवायला हवीत.

२ फेब्रुवारी, रविवार

या प्रकल्पात आत्तापर्यंत जे काही शिकलो त्यातलं सगळ्यांत मोलाचं आजचं.

वेस्टव्लेटेरेनच्या मठाने १९४६ मध्ये आपली बिअर बाहेर विकण्यापुरती बनवायचा परवाना जवळच्याच वाटू गावातल्या एका चीज कारखान्याला दिला. मठातला ब्रुमास्टरही (बिअर बनवणारा मुख्य कारागीर) तिकडे गेला. बिअर बाजारात सिंट सिक्स्टुस या नावाने यायची. १९९२ मध्ये परवाना संपला, कारण ट्रॅपिस्ट म्हणवून घ्यायचं तर बिअर मठाच्या आवारातच बनायला हवी. वाटूच्या ब्रुअरीने काम चालूच ठेवलं, फक्त नाव बदलून सिंट बेर्नार्डुस. त्यांची अब्ट १२ दहा टक्क्यांची आणि वेस्टव्लेटेरेन १२ ही १०.२ टक्क्यांची. या दोघींमध्ये नक्की किती फरक आहे यावर बिअरवाले तासन्‌तास भांडतात.

आता हे ग्राफमध्ये मांडायचं. पहिला विचार: (मठ)—[परवाना]→(ब्रुअरी), नात्यावर १९४६ आणि १९९२. दिसायला सुटसुटीत. पण परवाना कोणत्या बिअरचा ते कुठे लिहायचं? नात्यावर बिअरचं नाव स्ट्रिंग म्हणून टाकता येतं, पण ती स्ट्रिंग कशालाच जोडलेली नाही, तिच्यावरून पुढे चालत जाता येत नाही. नात्याला टोकं दोनच असतात. आणि नात्यापासून दुसरं नातं निघू शकत नाही. इथे तर पक्ष तीन आहेत: देणारा, घेणारा आणि ज्याबद्दल दिलं ती बिअर.

उपाय म्हणजे परवान्यालाच नोड करायचं. (मठ)—[दिला]→(परवाना)—[घेतला]→(ब्रुअरी), आणि (परवाना)—[कशाचा]→(बिअर). दोन्ही साल परवान्याच्या नोडवर. कागदावरही करार ही एक वस्तूच असते, तारीख असलेली, सही असलेली, फाइलला लावलेली. आम्ही टेबलवाले असं जोडणीचं वेगळं टेबल जंक्शन टेबल म्हणून वर्षानुवर्षं बनवत आलोय. फरक एवढाच की ग्राफमध्ये सुरुवातीला नुसतं नातं काढून भागतं आणि तिसरा पक्ष आला की मगच नोड करावा लागतो. तिसरा पक्ष येणारच असेल तर आधीपासूनच नोड करावा, असं माझं मत झालंय.

लेफ आणि दिनां गावचा मठ हेही याच साच्यात बसलं. मग गंमत म्हणून बिरा ९१ ही बिअर घालून पाहिली. २०१५ मध्ये ती आपल्याकडे बाजारात आली तेव्हा बनायची बेल्जियममध्ये. ब्रँड भारतीय, बनवण्याची जागा बेल्जियन. 'ब्रँडचा मालक' आणि 'बनवते' वेगळे ठेवल्यामुळे मॉडेलला हातही लावावा लागला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मालकीच्या साखळ्या. रोडेनबाख १९९८ मध्ये पाल्मकडे गेली आणि पाल्म २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या बाव्हारियाकडे, तिचं आताचं नाव स्विंकेल्स. क्वाक आणि ट्रिपल कार्मेलीट बनवणारं बोस्टेल्स २०१६ मध्ये एबी इनबेव्हकडे. डुव्हेल मोर्टगाटने २००६ मध्ये आशूफ, २००८ मध्ये लीफमान्स आणि २०१० मध्ये अँटवर्पची दे कोनिंक घेतली.

'ही बिअर शेवटी कुणाच्या खिशात जाते' हे सायफरमध्ये एका ओळीत होतं: मालकीच्या नात्यावरून एक ते चार पावलं वर जा, आणि ज्याला पुढे मालक नाही तिथे थांब. अट अशीही घालता येते की वाटेतलं प्रत्येक नातं अमुक साली जिवंत असावं. २०१० साठी विचारलं तर रोडेनबाख पाल्मपाशीच थांबते आणि क्वाक आपल्या घराण्यातच राहते. आजसाठी विचारलं तर एक जाते हॉलंडला आणि दुसरी ल्यूवेनला. तीच क्वेरी, फक्त साल बदललं.

ऑफिसातल्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) दाखवलं. त्याने चहाचा घोट घेत स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "अरे, एवढं तर रिकर्सिव्ह सीटीईत होतं की! एसक्यूएलमध्ये १९९९ पासून आहे." बरोबर आहे त्याचं, सीटीई म्हणजे क्वेरीतली क्वेरी, आणि रिकर्सिव्ह असली की ती स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावते. एवढ्याशा डेटाला पोस्टग्रेस हा टेबलांचा डेटाबेस भरपूर झाला. प्रत्येक शैलीतलं सरासरी अल्कोहोल काढायचं तर मीही पोस्टग्रेसच उघडेन. पण त्याला म्हटलं, मालकी, परवाना आणि नावाचा हक्क ही तिन्ही नाती मिसळून, कितीही पावलांची वाट शोधणारी सीटीई लिहून दाखव. त्याने लिहिली. चालली. दुसऱ्या दिवशी त्यालाच ती वाचता येईना.

भाषेचं म्हणाल तर, एप्रिल २०२४ मध्ये जीक्यूएल हे ग्राफ क्वेरीचं आयएसओ मानक आलं आणि ते बऱ्यापैकी सायफरच्याच वळणाचं आहे. त्यामुळे शिकलेलं एका कंपनीपुरतं राहणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणूक, दुपारनंतर शॉर्टेस्ट पाथ.

ओरव्हालपासून ब्रुसेल्सच्या कांतियों ब्रुअरीच्या ग्यूझपर्यंत सगळ्यांत छोटी वाट विचारली. ओरव्हाल दक्षिणेकडच्या एका मठातली. कांतियों १९०० मधली, लँबिक बनवणारी. लँबिक म्हणजे उकळलेला रस उघड्या उथळ भांड्यात रात्रभर गार होऊ द्यायचा, हवेतले जंतू आणि यीस्ट त्यात पडू द्यायचे, मग लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायचा. थंडीच्या महिन्यांतच हे करतात, उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू जास्त. एक, दोन आणि तीन वर्षांचं लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवलं की ग्यूझ.

ग्राफने दिलेली वाट: (ओरव्हाल)→(बेल्जियम)←(ग्यूझ). उत्तर खरं, पण कुचकामी. देशाच्या नोडला जवळजवळ सगळंच चिकटलेलं आहे, त्यामुळे कुठूनही कुठेही जायला तोच चौक लागतो. अशा नोडला सुपरनोड म्हणतात. त्याचा वेगावरही परिणाम होतो: प्रोफाइल लावून क्वेरी चालवली तर डीबी हिट्स (डेटाबेसला किती वेळा हात लावावा लागला ते आकडे) त्या एका नोडवर फुगलेले स्वच्छ दिसतात. 'वरच्या यीस्टची पद्धत' (रसाच्या वरच्या थरात जमणाऱ्या यीस्टने आंबवणं) हा नोडही तसलाच, डुव्हेलपासून वेस्टमालपर्यंत सगळ्या तिथेच.

देश हा नोड काढून प्रॉपर्टी केली. १२ जानेवारीच्या माझ्याच नियमात तो बसत होता, देशापाशी पोचून मी पुढे कुठे जाणारच नव्हतो. पद्धत नोडच ठेवली, पण वाट शोधताना तिच्यावरून जायचं नाही अशी अट घातली. मग वाट आली ती अशी:

(ओरव्हाल)—[यीस्ट]→(ब्रेटॅनोमायसीस)←[यीस्ट]—(ग्यूझ)

ओरव्हालच्या बाटलीत हे यीस्ट मुद्दाम घालतात, लँबिकमध्ये ते आपणहून येतं. बाटली जितकी जुनी तितकी त्याची चव पुढे येते, दोन्हीकडे. मठ आणि ब्रुसेल्सचं पिंप एका यीस्टने जोडले गेले, आणि ही जोडणी मी कुठल्याही एका ओळीत भरलेली नव्हती. मावसभावाला कळवलं. त्याचं उत्तर: "हे इथल्या कुठल्याही बारवाल्याने फुकट सांगितलं असतं."

२ मार्च, रविवार

'ही आवडली तर ती पण आवडेल' प्रकारची शिफारस. नुसते सामायिक नोड मोजले तर पुन्हा तेच चौक जिंकतात. यावर २००३ मधलं ॲडॅमिक-ॲडार सूत्र आहे: प्रत्येक सामायिक नोडचं वजन त्याच्या नात्यांच्या संख्येच्या लॉगरिदमने भागायचं. म्हणजे दोघींत माल्ट आहे याला जवळजवळ किंमत नाही, दोघींत आंबट चेरी आहे याला बरीच. क्रीकच्या (आंबट चेरी घातलेल्या लँबिकच्या) आसपासच्या शिफारशी लगेच सुधारल्या. पिल्सनरच्या नाहीत. स्टेला आणि ज्युपिलेरसारख्यांना वेगळं ओळखता येईल असं माझ्या डेटात काही नाहीच. तिथे सूत्र काय करणार?

१५ मार्च, शनिवार

एकमेकांशी जास्त जोडलेल्या नोडचे गट पाडायला लुव्हें पद्धत. बेल्जियन बिअरला बेल्जियन अल्गोरिदम. ब्लोंडेल, गियोम, लांबियोत आणि लफेव्र या चौघांनी २००८ मध्ये मांडली, आणि तिला त्यांच्या लुव्हें विद्यापीठाचंच नाव पडलं. त्यांनी ती बेल्जियमच्या मोबाइल कॉल्सच्या जाळ्यावर चालवली होती, आणि कुणाला कुठली भाषा येते हे न सांगताही डच आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचे गट वेगळे पडले होते.

नीओफोरजेच्या ग्राफ डेटा सायन्स लायब्ररीत आधी मेमरीत प्रोजेक्शन (ग्राफच्या निवडक भागाची प्रत) करावं लागतं: कोणते नोड, कोणती नाती, दिशेसह की दिशेविना. मी दिशेविना घेतलं आणि गावं वगळली. गावं ठेवली तर भाषेची सीमा नकाशातूनच आत येणार, मग गट पडले काय आणि न पडले काय. लँबिकवाले लगेच वेगळे झाले. गाव काढलं तरी यीस्ट आणि पिंपात मुरवण्याची पद्धत त्यांना एकत्र धरून ठेवते. भाषेवरून मात्र माझ्याकडे काहीच वेगळं पडलं नाही. डब्बल-ट्रिपल या शैलींच्या बिअर दोन्हीकडचे बनवतात.

एक गोष्ट खटकली. आखेल अजूनही वेस्टमाल आणि शिमे या ट्रॅपिस्ट मठांच्या गटातच. लुव्हेंला तारखा कळत नाहीत, नातं आहे म्हणजे आहे. 'पर्यंत' २०२१ असलेला शिक्काही त्याच्या लेखी ताजाच. म्हणून प्रोजेक्शन लेबलांऐवजी सायफर क्वेरीने केलं आणि ज्यांचं 'पर्यंत' रिकामं आहे तीच नाती उचलली. पुन्हा चालवलं. या वेळी आखेल मठांच्या गटातून बाहेर पडली आणि तशाच बिअर बनवणाऱ्या बिनमठाच्या ब्रुअऱ्यांमध्ये, सिंट बेर्नार्डुसच्या शेजारी जाऊन बसली.